१८ हजारांचा आय७ की २० हजारांचा आय५?

प्रश्न असा आला आहे: "काका, पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करायचं ठरलंय. रोज सहा-सात तास टॅली, एक्सेल, कंपनीचं पोर्टल आणि दिवसातून दोन मीटिंगा. लॅपटॉप माझा मलाच आणायचाय. बजेट २५ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. एका दुकानात रिफर्बिश्ड आय७, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क १८ हजारांत मिळतोय. दुकानदार म्हणतो, मॅडम, इतने में आय-सेवन दोबारा नहीं मिलेगा. हजार रुपये टोकन देऊन आलेय. स्टिकरचा फोटो पाठवतेय. घेऊ का?"

ताई, नका घेऊ. टोकनचं काय करायचं ते शेवटी सांगतो. आधी 'नका' का म्हणतोय ते नीट ऐका, कारण ते न समजता परत फिरलात तर पुढच्या दुकानात हाच लॅपटॉप दुसऱ्या झाकणाखाली तुमच्यासमोर येईल.

फोटोत आय७ च्या पुढे ६६००यू असं लिहिलंय. त्यातला पहिला ६ म्हणजे सहावं जनरेशन. हा प्रोसेसर २०१५ सालचा आणि त्यात कोर, म्हणजे काम करणारे मेंदू, दोनच. आय७ म्हटलं की आपल्याला वाटतं घरातला थोरला. पण इंटेलनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये आठव्या जनरेशनला लॅपटॉपच्या या 'यू' मालिकेत दोनाचे चार कोर केले. त्यामुळे आठव्या जनरेशनचा साधा आय५, म्हणजे ८२५०यू किंवा ८३५०यू, तुमच्या त्या आय७ पेक्षा कामाला सरळ सरस. एक्सेलची मोठी फाईल उघडी, पंधरा टॅब उघडे आणि वर मीटिंग चालू, अशा वेळी दोन कोर आणि चार कोर यातला फरक मोजावा लागत नाही, समोरच्याचा आवाज तुटायला लागला की कळतो. दुकानदाराला हे ठाऊक नसतं असं नाही. गिऱ्हाईक 'आय' च्या पुढचा आकडा वाचतं, डॅशच्या पुढचा वाचत नाही, हेही त्याला ठाऊक असतं.

दुसरं कारण याहून मोठं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट नोंदणी करून वाढवून घेता येतात, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि लॅपटॉपवर विंडोज ११ ला इंटेलचं आठवं जनरेशन किंवा एएमडीची रायझन ३००० मालिका, किंवा त्यापुढचं, लागतं. जोडीला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी. सहाव्या जनरेशनवर जुगाड करून विंडोज ११ टाकतात, मीही लोकांच्या हट्टापायी टाकून दिलंय. चालतं. पण त्यावर पुढचे अपडेट येतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. सिनेमे बघायच्या मशीनवर हे खपून जातं. तुमच्या मशीनवर दुसऱ्याच्या कंपनीचे हिशेब असणार आहेत.

म्हणून बाजारात जायच्या आधी एक फोन करा. कंपनीच्या आयटीवाल्याला विचारा की मशीनवर विंडोज कोणतं हवं, होम चालेल की प्रो, आणि त्यांचं व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कात शिरायचं सॉफ्टवेअर) किंवा सुरक्षेचं कुठलं सॉफ्टवेअर टाकावं लागेल का. काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर जुनं विंडोज दिसलं की आतच येऊ देत नाही. हा फोन न करता मशीन घेऊन आलेली आणि मग माझ्याकडे रडत आलेली माणसं मी वर्षाला पाच-सात तरी बघतो. लिनक्स टाकून जुनं मशीन मस्त पळतं, माझ्या घरी तसंच आहे. पण टॅली आणि कंपनीचं व्हीपीएन म्हटल्यावर त्या वाटेला तुम्ही जाऊ नका.

आता पैशांचं. तुमचे २५ हजार आहेत म्हणून २५ हजारांचा लॅपटॉप घ्यायचा नाही. १९-२० चा घ्यायचा आणि पाच-सहा हजार पर्समध्येच ठेवायचे. रिफर्बिश्ड मशीन म्हणजे कुणीतरी तीन-चार-पाच वर्षं वापरलेलं मशीन. त्याचा प्रोसेसर सहसा काही बिघडत नाही. झिजते ती बॅटरी, पंखा, बिजागऱ्या आणि एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची न फिरणारी, वेगवान डिस्क. यातलं काहीतरी पहिल्या वर्षात पैसे मागणार, हे धरूनच चालायचं. मागितले नाहीत तर तुमची दिवाळी. सगळे पैसे काउंटरवर मोजून आलेलं गिऱ्हाईक सहा महिन्यांनी बॅटरी गेली की मशीन चार्जरला बांधून ठेवतं, आणि लाइट गेली की मीटिंगमधून गायब होतं.

आपल्याकडे इंदुरात सध्या आठव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असा ऑफिसातून निघालेला चांगला लॅपटॉप साधारण १६ ते २० हजारांत बसतो. दहावं जनरेशन २२ च्या पुढे सरकतं. घासाघीस जमली आणि बॅटरी चांगली निघाली तर दहावं घ्या, नाहीतर आठवं तुमच्या कामाला पुरेसं आहे. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून बरेच चढलेत, त्यामुळे 'आत्ता ८ घेऊ, मग स्वस्तात १६ करू' हा जुना हिशेब आता तसा राहिला नाही. १६ जीबी असलेलं मशीन दीड-दोन हजार जास्त देऊन मिळत असेल तर तेव्हाच घ्या. हार्डडिस्क १ टीबीची आहे म्हणून खूश होऊ नका. फिरती हार्डडिस्क असलेल्या मशीनवर विंडोज ११ म्हणजे बैलगाडीला हेडलाइट. २५६ जीबीची एसएसडी घ्या. हिशेबाच्या फाइली भरून भरून किती भरतील?

कुणी म्हणेल, याच पैशात नवा का नको? मिळतो. त्यात बहुतेक सेलेरॉन किंवा तसाच हलका प्रोसेसर, प्लास्टिकची बॉडी आणि बऱ्याचदा बोर्डावरच चिकटवलेली रॅम. एक वर्षाची कंपनीची वॉरंटी हा त्याचा खरा गुण, तो नाकारत नाही. पण रोज सहा तास टायपिंग करायचं असेल तर ऑफिसवाल्या मालिकेचा कीबोर्ड आणि बिजागरी त्या नव्या मशीनला मागे टाकते.

ऑफिसवाली मालिका म्हणजे कोणती? लेनोवोचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलिटबुक. कंपन्या ही मशीनं शेकड्यांनी घेतात आणि काही वर्षांनी एकदम काढतात, म्हणून बाजारात माल भरपूर, सुटे भाग भरपूर, आणि उघडायलाही सोपी. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि ७४९०, एलिटबुक ८४० जी५ ही नावं चिठ्ठीवर लिहून घ्या, यांतली बहुतेक मशीनं आठव्या जनरेशनची असतात. या चारही मशीनांत रॅमचे दोन खाचे आहेत, म्हणजे पुढे वाढवता येते. दुकानदार 'वही चीज़ है, और पतला है' म्हणून टी४८०एस किंवा एक्स२८० पुढे करेल. टी४८०एस मध्ये थोडी रॅम बोर्डावर आणि एकच खाचा, एक्स२८० मध्ये तर सगळीच रॅम बोर्डावर. पातळ दिसण्याची किंमत अशी असते. टी४८० मला स्वतःला आवडतं कारण त्यात बॅटऱ्या दोन: एक आत आणि एक बाहेरून खटका सरकवून निघणारी. बाहेरची गेली तर दोन मिनिटांत नवी लागते, कारागिराचीही गरज नाही. पण त्याची एक खोड आहे. त्या काळातल्या थिंकपॅडांच्या थंडरबोल्टच्या, म्हणजे वेगवान टाइप-सी पोर्टच्या, आतल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता आणि अपडेट केलं नसेल तर चार्जिंगचं टाइप-सी पोर्ट दगा देऊ शकतं. लेनोवोनं दुरुस्तीचं अपडेट काढलं आहे. म्हणून टी४८० घेतलात तर दोन्ही टाइप-सी पोर्टांवर चार्जर लावून बघा, आणि घरी आल्यावर पहिलं काम ते अपडेट.

आता दुकानात. इथे घाई करू नका. सकाळी पोहे खाऊन निघा, रविवारी संध्याकाळी जाऊ नका. गर्दीत कुणी तुम्हाला अर्धा तास मशीन हातात देत नाही. लॅपटॉपच्या दुकानांच्या सिल्व्हर मॉलकडे गेलात तर चार दुकानं फिरायला वेळ असू द्या आणि पहिल्या दुकानात काहीही ठरवू नका. घरी आपण मराठी बोलत असलो तरी भाव हिंदीतच करायचा, हे काही मी इंदूरकराला शिकवायला नको. बरोबर एक पेन ड्राइव्ह, फोनचा इअरफोन आणि तुमच्या फोनचा हॉटस्पॉट.

मशीन बंद असताना सुरुवात करा. टेबलावर ठेवा आणि चारही कोपरे दाबा. डुलतंय का? टचपॅड मधून वर आलाय का, खटका दबत नाही का, झाकण पूर्ण मिटत नाही का? यातलं एक जरी असलं तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. मागे एका काकूंनी टचपॅड खराब झाला म्हणून लॅपटॉप आणला. उघडला तर बॅटरी पापडासारखी फुगून टचपॅडला खालून ढकलत होती. काकू रात्री तो लॅपटॉप उशीजवळ ठेवून झोपायच्या. फुगलेल्या बॅटरीचं मशीन कितीही स्वस्त देऊ दे, हात लावू नका. 'नई डाल देंगे' म्हणाला तर नवी टाकून दाखव, मग येते, असं सांगा.

मग चालू करा. चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाता येतं का बघा. लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर तिथेच मशीन खाली ठेवा. दुकानदार म्हणेल, वो ज़रूरत नहीं पड़ती. पडते. बायोसमध्ये सिरीयल नंबर दिसतो, डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. तो मशीनच्या पाठीवरच्या स्टिकरशी जुळवा आणि फोनवर कंपनीच्या सपोर्टच्या पानावर टाका. मशीन मुळात कोणत्या स्क्रीनचं, किती रॅमचं निघालं आणि वॉरंटी कधी संपली, हे तिथे दिसतं. वॉरंटी संपल्याच्या तारखेवरून मशीनच्या वयाचा अंदाज येतो. माणसाची दहावीची सनद बघून वय ठरवतात, तसं.

विंडोज उघडल्यावर बॅटरीचा दाखला मागा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. त्यात पॉवरसीएफजी, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. एन्टर दाबलं की एक फाइल तयार होते आणि तिचा पत्ता तिथेच येतो. ती उघडली की दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होतं, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावतं. समजा पहिला आकडा ६०,००० आणि दुसरा ४५,०००, तर बॅटरी पाऊणभर शिल्लक आहे, ठीक आहे. दुसरा आकडा निम्म्याच्या खाली असेल तर भावातून बॅटरीचे पैसे कापा, साधारण दोन ते साडेतीन हजार. दोन्ही आकडे अगदी सारखे आणि सायकल काउंट शून्य किंवा रिकामा असेल तर बॅटरी नवी आहे, पण बहुधा डुप्लिकेट. डुप्लिकेट म्हणजे वाईटच असं नाही, काही वर्षभर बरी चालतात. मात्र तिची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घालून न्या. हेल्थची टक्केवारी आणि किती तास चालली ते दाखवतं. ८० टक्क्यांच्या वर असेल तर पुढे चला. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती खाचे आहेत आणि त्यातले किती भरलेत, तेही तिथेच दिसतं.

स्क्रीनकडे लोक दुर्लक्ष करतात आणि पुढची तीन वर्षं डोळे चोळतात. रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० असलं पाहिजे. १३६६ गुणिले ७६८ ची स्क्रीन असेल तर एक्सेलच्या रकाना-रकान्यासाठी उजवी-डावीकडे सरकत बसाल. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही स्क्रीनं येत असत, टी४८० मध्येसुद्धा, म्हणून मॉडेलच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. बाजूनं बघा. रंग फिके, काळपट व्हायला लागले तर पॅनल हलकं आहे. मग एक कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर उघडा, दाबाचे पांढरट ठिपके आणि रेघा लगेच दिसतात. झाकण दोन-तीनदा सावकाश उघडमिट करताना स्क्रीन लुकलुकली तर आतली केबल जात आलीय.

कीबोर्डवरचं प्रत्येक बटण नोटपॅडमध्ये दाबून बघा, सगळी म्हणजे सगळी. हिशेबाच्या कामाला अंक आणि एन्टर जास्त लागतात. परदेशातून आलेल्या काही मशीनांचं एन्टर उलट्या एलसारखं मोठं असतं आणि चिन्हांच्या जागा बदललेल्या असतात. सवय होते, पण दोनशे-पाचशे रुपये कमी करून घ्यायला कारण चांगलं आहे. पेन ड्राइव्ह प्रत्येक पोर्टात घाला, इअरफोन लावा, एचडीएमआयला दुकानातलाच एखादा मॉनिटर जोडायला सांगा. कॅमेरा उघडून स्वतःला बघा. या जुन्या मशीनांचे कॅमेरे यथातथाच असतात, मीटिंगला चालतात, त्यात वेळ घालवू नका.

मग खरी परीक्षा. तुमच्या हॉटस्पॉटवर यूट्यूबचा १०८०पी व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर लावा, मागे दहा-बारा टॅब उघडा आणि दुकानदाराशी भाव करत वीस मिनिटं बसा. चार्जर काढून. वीस मिनिटांनी बॅटरी किती उतरली, पंखा विमानासारखा ओरडतोय का, तळ हाताला चटका देतोय का, मशीन मध्येच बंद पडलं का, हे बघा. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत दुपारी बसून काम करणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. पंखा थोडा आवाज करत असेल तर घाबरू नका, आत धूळ असते आणि थर्मल पेस्ट वाळलेली असते. चार-पाचशे रुपयांत साफ होतं. मशीन मध्येच बंद पडलं तर मात्र उठा.

आता एक गोष्ट, जी मीच ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून मी बारा मशीनांचा एक लॉट उचलला. झकास माल, भाव बरा, विंडोज टाकलेलंच. विकायच्या आधी सवयीनं मी मशीनं रीसेट करून वायफायला जोडली, तर बारापैकी दोन मशीनांनी 'अमुक कंपनीत स्वागत आहे' असं म्हणत त्या कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागितला. मोठ्या कंपन्या त्यांची मशीनं मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात, त्याला ऑटोपायलट म्हणतात. मशीन विकताना ती नोंद काढायची राहून गेली की मशीन कागदोपत्री त्यांचंच राहतं. तुम्ही वापरत राहता आणि ज्या दिवशी रीसेट कराल त्या दिवशी दार बंद. नोंद काढणं मुख्यतः त्या कंपनीच्याच हातात. व्यापाऱ्यानं दोन मशीनं बदलून दिली, पण त्यासाठी मला तीन आठवडे फोन करावे लागले, आणि मी बारा घेणारा होतो. एकच घेणाऱ्याचा फोन तो उचलणार का?

म्हणून तुमच्यासमोर मशीन रीसेट करायला लावा आणि पहिल्यांदा सुरू होताना ते वायफायला जोडूनच पुढे न्या. दुकानदार इंटरनेट न जोडता पुढे नेत असेल तर त्याला थांबवा. यात अर्धा-पाऊण तास जातो, जाऊ द्या. बायोसमध्ये कॉम्प्युट्रेस किंवा अ‍ॅब्सोल्यूट नावाचा पर्याय सापडला तर तो 'अ‍ॅक्टिव्हेटेड' नाही हेही बघून घ्या. ती चोरीच्या मशीनचा माग काढायची सोय आहे. चालू असेल तर जुन्या मालकानं मशीन पूर्णपणे सोडलेलं नाही.

रीसेटचा दुसरा फायदा असा की दुकानानं घातलेलं फुकटचं ऑफिस आणि त्याबरोबर आलेली घाण निघून जाते. 'मैडम, सब डाल के दिया है, फ़्री' हे वाक्य कानाला गोड लागतं. क्रॅक केलेल्या ऑफिसच्या मागून काय आत शिरतं ते सांगता येत नाही, आणि उद्या कंपनीच्या खात्यातून काही गळालं तर बोट तुमच्याकडे येणार. विंडोज खरं आहे का ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन इथे कळतं. तिथे डिजिटल लायसन्स लिहिलेलं हवं. 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिसने' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर ते कुठल्यातरी बनावट सर्व्हरवरून उठवलेलं आहे, साधारण १८० दिवसांनी त्याचं नाटक पुन्हा सुरू होतं. चांगली गोष्ट अशी की ऑफिसवाल्या बहुतेक मशीनांच्या बायोसमध्येच विंडोज प्रोची मूळ चावी असते, त्यामुळे कोरं विंडोज टाकलं की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. दुकानदार विंडोजचे वेगळे पैसे मागत असेल तर हे त्याला हसून सांगा.

चार्जर. यावर कुणी बोलत नाही. एक मास्तर डेलचं मशीन घेऊन आले, 'घेतलं तेव्हा बरं चालत होतं, आता मुंगीच्या पावलानं चालतं.' आठवडाभर कुणी विंडोज टाकलं, कुणी रॅम बदलायला सांगितली. मी त्यांचा चार्जर बघितला, बाजारातला दोनशे-तीनशेचा. डेलच्या गोल पिनच्या मधोमध बारीक सुई असते, तिच्यातून चार्जर आपली ओळख मशीनला सांगतो. ओळख पटली नाही की मशीन बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली पाडून ठेवतं. खरा चार्जर लावला, मास्तरांचं मशीन पळायला लागलं. तर चार्जर मूळ कंपनीचा आणि ६५ वॅटचाच मागा, आणि दुकानात तोच लावून चार्जिंगचं चिन्ह बघा, दुकानदाराच्या टेबलावरचा नाही.

'ए ग्रेड', 'ए प्लस' वगैरेला फार मान देऊ नका. हे दर्जे दुकानदारच ठरवतो आणि ते बहुधा झाकणावरच्या ओरखड्यांचे असतात. मी तर ओरखडे असलेलं मशीन शोधतो, हजार-पाचशे वाचतात. झाकण फार चकचकीत आणि रंग जरा वेगळाच दिसला तर वरून स्टिकर किंवा स्प्रे मारलेला असतो. आतून ते तेवढंच म्हातारं.

बिल पक्कं घ्या, जीएसटीचं, आणि त्यावर मॉडेल, सिरीयल नंबर, रॅम, एसएसडी, चार्जर सगळं लिहिलेलं हवं. वॉरंटी किती महिने आणि कशाची, हे शब्दांत. 'सहा महीने की गारंटी है' यातली गारंटी नुसत्या बोर्डाची की बॅटरी-स्क्रीनसह, हे तेव्हाच विचारा. तीन महिन्यांची पण सगळ्या भागांची वॉरंटी देणारा, वर्षभराची पण 'सिर्फ़ मदरबोर्ड' वाली देणाऱ्यापेक्षा बरा. बदलून द्यायची मुदत किमान सात दिवस मागा आणि त्या सात दिवसांत रोज काम करा. कपाटात ठेवून मुहूर्त बघत बसू नका.

घरी आल्यावर उरलेल्या पैशातून राऊटरसाठी छोटा यूपीएस घ्या, हजार-दीड हजारात येतो. लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राऊटर बंद पडला तर मीटिंग गेलीच. तारेचा साधा हेडफोन घ्या, माइकसकट. या मशीनांचा माइक कुकरच्या शिट्ट्यासुद्धा इमानदारीनं पुण्याला पोचवतो. पुढे कधी जमलं तर जुना २२ इंची मॉनिटर जोडा, मान वाचेल.

आता तुमचं टोकन. त्याच दुकानात परत जा, भांडायला नाही. आधी टोकनची पावती बघा, त्यावर मॉडेल लिहिलंय का नुसती रक्कम. मग सांगा की कंपनीनं विंडोज ११ सांगितलंय, हे मशीन त्याला चालत नाही, आठव्या जनरेशनचं दाखवा आणि हजार त्यात वळते करा. पैसे परत मागितले की दुकानदाराचा चेहरा बदलतो. दुसऱ्या मशीनमध्ये वळवायचे म्हटलं की तो मागच्या खोलीतून माल काढतो, आणि बऱ्याचदा तिथलं मशीन शोकेसमधल्यापेक्षा बरं निघतं. आठवं जनरेशन त्याच्याकडे नसेलच तर महिनाभर ते पैसे तसेच ठेवायची चिठ्ठी लिहून घ्या. अगदी नाहीच म्हणाला तर हजार सोडा. १८ हजार अडकण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. आणि नव्या मशीनच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो मला पाठवा, टोकन द्यायच्या आधी.